‘पॉलिसीचे स्क्रीन लॉक बेभरवशाचे’ या सल्ल्याचा प्रतिवाद

कार्यालयातील संगणक सांभाळणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: डोमेनच्या (एका सर्व्हरच्या देखरेखीखाली जोडलेल्या संगणकांच्या) ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्यांना एकदम लावल्या जाणाऱ्या सेटिंग्जमधून, लावलेले स्क्रीन लॉक बेभरवशाचे असते, ते काही संगणकांवर लागते आणि काहींवर लागत नाही, ‘जीपीअपडेट /फोर्स’ ही पॉलिसी लगेच ताजी करण्याची आज्ञा देऊनही लागले नाही तर तो विंडोजचा दोष समजावा, मग पॉवर सेटिंगमध्ये डिस्प्ले पाच मिनिटांनी बंद होईल असे करावे किंवा प्रत्येक संगणकाच्या रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात तिथे) हाताने वेळ टाकावी, काम तेच होते, आणि हिशेबाच्या संगणकांवर लॉक लावूच नये, कारण लॉक झाले की सर्व्हरची जोडणी तुटते. पतसंस्था, शाळा, सनदी लेखापालांची कार्यालये अशा ठिकाणी वीस-तीस संगणकांमागे अनेकदा एकच माणूस असतो आणि त्याला हा सल्ला सोयीचा वाटतो. म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

पॉलिसी काही संगणकांवर लागत नाही, हे पहिले विधान निरीक्षण म्हणून बरोबर असते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. स्क्रीन लॉकसाठी ग्रुप पॉलिसीत दोन वेगळ्या जागा आहेत. पहिली युजर कॉन्फिगरेशनमध्ये, कंट्रोल पॅनेलखालच्या पर्सनलायझेशन या विभागात आहे. स्क्रीन सेव्हर चालू करणे, त्याला पासवर्डचे संरक्षण देणे, तो किती सेकंदांनी सुरू व्हावा आणि कोणता असावा हे ठरवणे, अशी तिथली सेटिंग्ज आहेत. दुसरी कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्ये, सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये, ‘इंटरॅक्टिव्ह लॉगऑन: मशीन इनअ‍ॅक्टिव्हिटी लिमिट’ (यंत्र किती वेळ निष्क्रिय राहिल्यावर लॉक व्हावे) या नावाने आहे आणि ती विंडोज ८ व विंडोज सर्व्हर २०१२ पासून मिळू लागली. पहिली सेटिंग्ज लॉगिन करणाऱ्या माणसाला लागतात, दुसरे यंत्राला लागते. ज्या ओयूमध्ये (डोमेनमधली खाती किंवा संगणक ठेवण्याच्या कप्प्यामध्ये) फक्त संगणक ठेवलेले आहेत त्याला एखाद्याने पहिल्या प्रकारची पॉलिसी जोडली, तर लूपबॅक प्रोसेसिंग (संगणकाच्या ओयूवरची युजर सेटिंग्ज तिथे लॉगिन करणाऱ्याला लावण्याची सोय) चालू केल्याखेरीज ती कोणालाच लागत नाही, आणि काही बिनसले आहे अशी सूचनाही पडद्यावर येत नाही. लेखा विभागातील कर्मचाऱ्यांची खाती एका ओयूमध्ये आणि त्यांचे संगणक दुसऱ्या ओयूमध्ये असतील, तर ‘काहींवर लागते, काहींवर नाही’ हे चित्र तयार होते. त्यात लहरीपणा काही नाही.

याहून कमी जणांच्या ध्यानात येणारे कारण जून २०१६ मधले आहे. त्या महिन्यात मायक्रोसॉफ्टने एमएस१६-०७२ ही सुरक्षा दुरुस्ती दिली. तोपर्यंत युजरसाठीच्या पॉलिसी सर्व्हरवरून त्या युजरच्या ओळखीने वाचल्या जात. दुरुस्तीनंतर त्या संगणकाच्या ओळखीने वाचल्या जाऊ लागल्या. ज्यांनी पॉलिसी एका गटापुरती मर्यादित ठेवण्यासाठी सिक्युरिटी फिल्टरिंगमधून (पॉलिसी कोणाला लागावी याच्या यादीतून) ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ (ओळख पटलेली सर्व खाती, संगणकांचीही) हे नाव काढून टाकले होते, त्यांच्या संगणकांना ती पॉलिसी वाचण्याचा अधिकारच उरला नाही. आजही नवी पॉलिसी करताना तेच नाव काढले जाते आणि तोच घोळ नव्याने होतो. उपाय छोटा आहे: पॉलिसीच्या डेलिगेशन (परवानग्यांच्या) टॅबमध्ये ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ किंवा ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ यांना केवळ वाचण्याची परवानगी द्यावी, लागू होण्याची नव्हे. पॉलिसी कोणाला लागावी हे मग पूर्वीप्रमाणे त्या गटावरच ठरते.

तिसरी शक्यता पॉलिसीच्या स्वतःच्या मदत-मजकुरातच लिहिलेली आहे, पण तो मजकूर कोणी उघडत नाही. वेळेचे सेटिंग शून्य असेल, स्क्रीन सेव्हर बंद ठेवलेला असेल, किंवा संगणकावर प्रत्यक्ष असलेला एखादा स्क्रीन सेव्हर नेमून दिलेला नसेल, तर त्या वेळेचा काही उपयोग होत नाही. काळ्या पडद्याचा साधा ‘एससीआरएनसेव्ह.एससीआर’ नेमून दिला की ही शंका मिटते.

आता ‘जीपीअपडेट /फोर्स’विषयी. ही आज्ञा अनेक जण चुकीच्या खात्यातून देतात. लिपिकाच्या संगणकावर जाऊन अ‍ॅडमिनने स्वतःच्या नावाने कमांड प्रॉम्प्ट उघडला, तर आज्ञेचा युजरविषयक भाग अ‍ॅडमिनच्या खात्यासाठी ताजा होतो. लिपिकाचे खाते जिथल्या तिथे राहते. कोणत्या पॉलिसी लागल्या हे दाखवणाऱ्या ‘जीपीरिझल्ट’चा अहवाल काढतानाही हीच गफलत होते आणि मग ‘अहवालात तर पॉलिसी दिसते, लागत मात्र नाही’ असा निवाडा दिला जातो. युजरचा भाग युजरच्या खात्यातून पाहावा. संगणकाचा भाग पाहण्यासाठी मात्र अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. शिवाय काही बदल या आज्ञेने होण्यासारखेच नसतात. एखाद्याला नव्या गटात टाकले, तर तो पुन्हा लॉगिन करेपर्यंत त्याचे सदस्यत्व जमेस धरले जात नाही. संगणकाला गटात टाकले, तर तो रिस्टार्ट करावा लागतो. मशीन इनअ‍ॅक्टिव्हिटी लिमिट बदलल्यावरही एकदा रिस्टार्ट करावाच. घाई नसेल तर काहीच न करता वाट पाहणे हाही मार्ग आहे, कारण पॉलिसी दर ९० मिनिटांनी, त्यात शून्य ते ३० मिनिटांची यादृच्छिक भर घालून, आपोआप ताजी होत असते.

डिस्प्ले बंद करणे म्हणजेच लॉक, हे विधान बहुतांश संगणकांवर सपशेल चुकीचे आहे. पडदा काळा होतो, माउस हलवला की आधीचीच खिडकी समोर येते, आणि पासवर्ड कोणी विचारत नाही. पण इथे एक अपवाद आहे आणि बहुधा त्यातूनच ही समजूत पसरली असावी. संगणकावर मशीन इनअ‍ॅक्टिव्हिटी लिमिट लावलेली असेल, तर ती वेळ संपल्यावर तो लॉक होतोच, शिवाय स्क्रीन सेव्हर सुरू झाल्यावर आणि पॉवर सेटिंगमुळे डिस्प्ले बंद झाल्यावरही लॉक होतो. ‘पॉलिसीत पंधरा मिनिटे दिली आहेत, पण संगणक पाचच मिनिटांत लॉक होतो’ या तक्रारीचे मूळही इथे सापडू शकते: पॉलिसी बरोबर असते आणि पॉवर प्लॅनमध्ये डिस्प्लेसाठी पाच मिनिटे दिलेली असतात. अशा वेळी पॉलिसीतला आकडा कितीही वाढवला तरी फरक पडत नाही. बदल पॉवर प्लॅनमध्ये करावा लागतो. (पंधरा मिनिटे हा आकडाही कोणाच्या लहरीवर ठरलेला नाही. कार्ड-व्यवहार हाताळणाऱ्यांसाठीच्या पीसीआय डीएसएस मानकात १५ मिनिटांहून अधिक काळ निष्क्रिय राहिलेल्या सत्रासाठी पुन्हा ओळख पटवण्याची अट आहे.)

रजिस्ट्रीत हाताने आकडा टाकण्याचा उपाय मला या सल्ल्यातला सर्वांत घातक भाग वाटतो, कारण तो काही दिवस चालल्यासारखा दिसतो. स्क्रीन सेव्हरची वेळ रजिस्ट्रीच्या ‘करंट युजर’ (लॉगिन केलेल्या खात्याच्या) शाखेत असते, म्हणजे एका खात्यासाठी केलेला बदल त्याच संगणकावर बसणाऱ्या दुसऱ्या माणसाला लागत नाही, दोन पाळ्यांत काम चालणाऱ्या कार्यालयात निम्मे काम तिथेच बुडते. ‘स्क्रीनसेव्हटाइमआउट’ हे मूल्य मजकूर-प्रकारचे असते, पण घाईत ते अंक-प्रकारचे करून ठेवलेले अनेकदा आढळते. उलट ‘इनअ‍ॅक्टिव्हिटीटाइमआउटसेक्स’ हे यंत्रासाठीचे मूल्य अंक-प्रकारचेच असावे लागते. पॉलिसीच्या शाखेत हाताने केलेला बदल टिकतो तोही योगायोगाने: सर्व्हरवरची पॉलिसी बदललेली नसेल तर रजिस्ट्रीचा भाग नेहमीच्या फेरीत पुन्हा लिहिला जात नाही, म्हणून हाताने टाकलेला आकडा तसाच राहतो. पुढे कधी कोणी त्या पॉलिसीत एखादे भलतेच सेटिंग बदलले किंवा ‘/फोर्स’ दिले, की जुना आकडा परत येतो, आणि ‘पॉलिसी बेभरवशाची’ या मताला आणखी एक पुरावा मिळाल्यासारखे वाटते. तीस संगणकांवर कोणी, कधी, कोणता आकडा टाकला याची नोंद नसताना त्यातून मूळ दोष शोधणे किती अवघड असते, हे ज्याला ते निस्तरावे लागते त्यालाच कळते.

हिशेबाच्या संगणकांवर लॉक नको, या विधानामागे एक खरा अनुभव आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. लॉक झाल्याने चालू असलेला प्रोग्रॅम बंद होत नाही, उघडी फाइल बंद होत नाही, आणि नेटवर्कची जोडणीही तुटत नाही. लॉगिन केलेले सत्र जसेच्या तसे मागे चालू राहते. तुटते ती स्लीपमुळे. पॉवर प्लॅननुसार संगणक झोपी गेला की नेटवर्क कार्डही झोपते, आणि सर्व्हरवरच्या डेटाशी सतत बोलणारा हिशेबाचा प्रोग्रॅम परत आल्यावर चूक दाखवतो. दुसरे कारण म्हणजे विंडोजचा फाइल सर्व्हर निष्क्रिय जोडणी मूळ मांडणीत १५ मिनिटांनी स्वतःहून सोडून देतो, आणि त्यामुळे मॅप केलेल्या ड्राइव्हवर (सर्व्हरवरचे जे फोल्डर संगणकावर ड्राइव्ह म्हणून दिसते त्यावर) लाल फुली दिसू लागते. लॉकची वेळही पंधरा मिनिटे आणि ही वेळही पंधरा मिनिटे, त्यामुळे आळ लॉकवर येतो. उघड्या फाइली असलेली जोडणी सर्व्हर अशी सोडत नाही, आणि सोडलेली जोडणी त्या ड्राइव्हवर क्लिक करताच सहसा पुन्हा जुळते. म्हणून या संगणकांवर स्लीप बंद करावे आणि लॉक चालू ठेवावे. सभासदांची खाती आणि वेतनाचे तक्ते ज्या पडद्यावर उघडे असतात, नेमका तोच पडदा पासवर्डविना सोडण्याचे काही कारण नाही.

एखादा संगणक खरोखर लॉक झाला की नुसताच काळा झाला, यावर वाद होत असेल तर तो विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिक्युरिटी लॉगवर (सुरक्षाविषयक नोंदवहीवर) सोडवता येतो. संगणक लॉक झाल्याची नोंद ४८०० या क्रमांकाने होते आणि उघडल्याची ४८०१ या क्रमांकाने. स्क्रीन सेव्हर सुरू झाल्याची नोंद ४८०२ आणि थांबल्याची ४८०३. मात्र त्यासाठी कोणत्या घटना नोंदवायच्या हे ठरवणाऱ्या ऑडिट पॉलिसीतील ‘अदर लॉगऑन/लॉगऑफ इव्हेंट्स’ हा उपप्रकार आधी चालू केलेला असावा लागतो, नाहीतर या नोंदी होतच नाहीत.