साधनांचा धडा पहिल्या आठवड्यातच का संपतो?

११ ते १४ वर्षांच्या मुलांना इतिहास कोणता शिकवावा, यावर मोठी माणसे हिरिरीने भांडतात. कोणता राजा ठेवायचा, कोणती क्रांती वगळायची, कोणाला किती पाने द्यायची, हे वाद कधी संपत नाहीत. मला मात्र या वयाच्या वर्गात धड्यांच्या यादीपेक्षा एका प्रश्नाची उणीव अधिक जाणवते: ‘हे आपल्याला कशावरून कळले?’

पाठ्यपुस्तकात बहुधा सुरुवातीलाच ‘इतिहासाची साधने’ हा धडा असतो. लिखित, भौतिक, मौखिक असे प्रकार मुले पाठ करतात, नाण्याचे आणि शिलालेखाचे चित्र पाहतात, आणि दुसऱ्या धड्यापासून साधने जी नाहीशी होतात ती वर्ष संपेपर्यंत परत येत नाहीत. पुढची सगळी वाक्ये आकाशवाणी झाल्यासारखी येतात: अमुक साली युद्ध झाले, तमुक जिंकला.

कादेशची लढाई घ्या. इ.स.पू. १२७४च्या सुमारास आजच्या सीरियातील कादेश या नगराजवळ इजिप्तचा राजा दुसरा रामसेस आणि आजच्या तुर्कस्तानात सत्ता असलेल्या हित्ती लोकांचा राजा मुवातल्ली यांच्यात ती झाली. इजिप्तमधील मंदिरांच्या भिंतींवर रामसेसने जवळजवळ एकट्याने शत्रूची दाणादाण उडवल्याचे कोरलेले आहे. वर्गाला आधी एवढेच सांगावे, आणि मुलांनी ते मान्य केले की मग विचारावे, की एवढा मोठा विजय मिळाला असेल तर कादेश पुढेही हित्तींच्याच हाती कसे राहिले? त्यानंतर सुमारे १५ वर्षांनी झालेल्या तहाकडे वळावे. त्याची एक प्रत इजिप्तमध्ये कर्नाकच्या मंदिराच्या भिंतीवर आहे, तर दुसरी हित्तींची राजधानी हातुशा येथे मातीच्या पाट्यांवर सापडली; आणि तहासाठी समोरचा पक्ष आपल्याकडे आला, असा दोन्हींचा सूर आहे. या ठिकाणी वर्ग हसतो, कारण भांडण मिटवायला आधी कोण आले यावरचा वाद मुलांना स्वतःच्या अनुभवावरून चांगलाच ठाऊक असतो.

खरी कसोटी या हसण्यानंतर लागते. तेरा वर्षांचे मूल लगेच दुसऱ्या टोकाला जाते आणि ‘म्हणजे इतिहास सगळा खोटाच’ असे म्हणून मोकळे होते. ही शंका नव्हे, हा आळस आहे. आणि मोठ्यांमध्येही तो पुष्कळ आढळतो. अशा वेळी शिक्षकाने दोन्ही बाजू कशावर सहमत आहेत याची यादी मुलांकडूनच करून घ्यावी. लढाई झाली, ती कादेशजवळ झाली, लढणारे कोण होते, पुढे तह झाला, यावर वाद नाही. वाद विजयाचा आणि मोठेपणाचा आहे. पुराव्याचे वजन करणे म्हणजे काय, हे या एका यादीतून जेवढे कळते तेवढे व्याख्या पाठ करून कळत नाही.

ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराचे उदाहरण याच कामाचे आहे. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियस या ज्वालामुखीचा उद्रेक पाहणारा रोमन लेखक धाकटा प्लिनी तेव्हा १७ वर्षांचा होता, म्हणजे वर्गातल्या मुलांपेक्षा थोडासाच मोठा. त्याने ते पत्रात लिहिले सुमारे २५ वर्षांनी, आणि आपल्या हाती आहेत त्या पत्रांच्या पुढे हाताने उतरवलेल्या नकला. त्यांच्या आधारे २४ ऑगस्ट ही तारीख रूढ झाली. परंतु २०१८मध्ये तेथील एका भिंतीवर ऑक्टोबरच्या मध्याची तारीख कोळशाने लिहिलेली आढळली आणि उद्रेक शरद ऋतूत झाला असावा या मताला बळ मिळाले. पुस्तकातली तारीखही बदलू शकते, आणि ती कुणाच्या लहरीने नव्हे तर पुराव्याने बदलते, हे मुलांना या वयातच दिसले पाहिजे.

सनावळ्या नकोत, असे मात्र मी म्हणत नाही. काळाचे अंतर कळल्याशिवाय साक्षीदार घटनेच्या किती जवळचा होता हे ठरवताच येत नाही. वर्गाच्या भिंतीवर १० वर्षांना १ सेंटीमीटर अशी पट्टी आखली, तर कादेश ३ मीटरहून अधिक दूर जाते, फ्रेंच राज्यक्रांती साधारण २४ सेंटीमीटरवर येते आणि बारा वर्षांच्या मुलाचे सारे आयुष्य नखाएवढ्या जागेत मावते.

‘एवढे करत बसलो तर अभ्यासक्रम कसा संपणार?’ हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक धडा असा शिकवता येणार नाही. वर्षातून चार धडे असे झाले तरी पुष्कळ. पण मग प्रश्नपत्रिकेलाही थोडे हलावे लागेल. ‘कादेशची लढाई केव्हा झाली?’ याला एक गुण ठेवा, आणि दोन्ही बाजूंचे चार-चार ओळींचे उतारे देऊन ‘यांत एकमत कशावर आहे?’ याला पाच द्या.