हौद्यात काय आणि डोक्यात काय

पिकअपला नवे टायर घ्यायचे ठरले की माणूस पहिली थाप मारतो ती स्वतःलाच. गाडी कशासाठी वापरतो, या साध्या प्रश्नावर मनातून उत्तर येतं: चिखल, घाट, नदीचं पात्र, हौद्यात टनभर माल. खरं उत्तर असतं: डांबरी रस्ता, रिकामा हौदा आणि अधूनमधून एखादं कपाट, तेही शेजाऱ्याचं. टायर निवडले जातात पहिल्या उत्तरासाठी, आणि मग पुढची चार-पाच वर्षं झिजतात दुसऱ्या उत्तरावर.

टायर बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. जाहिरातीतला पिकअप कधी सिग्नलला ताटकळलेला पाहिलाय? तो कायम कड्याच्या टोकावर, अंगभर चिखल माखून. फोटो काढल्यावर तो खाली कसा आला, हे कुणी दाखवत नाही.

माझं म्हणणं, नवे टायर बघायच्या आधी जुने नीट बघावेत. फुकटचा रिपोर्ट असतो तो. खाचांच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, त्या १.६ मिलिमीटर उंचीच्या. नक्षी घासून त्या पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला. आणि ओल्या रस्त्यावर खरी पकड त्याआधीच, साधारण तीन मिलिमीटरपासून, कमी व्हायला लागलेली असते. पण किती झिजला यापेक्षा कुठे झिजला ते जास्त बोलकं. मधोमध झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी. एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंटमध्ये, म्हणजे चाकांच्या कोनांत, खोट. आता तळहात टायरवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका बाजूने गुळगुळीत आणि परतताना करवतीच्या दात्यांसारखं टोचलं तर टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप, बिघडलाय. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर म्हातारे झालेत, नाहीतर बॅलन्सिंग गेलंय. हे न बघता नवे टायर चढवले तर तेही त्याच वाटेने जातात, फक्त जास्त पैसे घेऊन.

यानंतर ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर टायरचा साइज, पुढची हवा, मागची हवा, सगळं लिहिलेलं असतं. दिवसातून दहा वेळा ते दार उघडणारा माणूस तो स्टिकर सोडून बाकी सगळ्यांचा सल्ला घेतो. भावोजी, ऑफिसातला सहकारी, मागच्या गाडीतला अनोळखी इसम. प्रत्येकाचं ठाम मत असतं आणि प्रत्येकाची गाडी वेगळी असते.

समजा स्टिकरवर २६५/७० आर १७, ११५ टी असं आहे. २६५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ७० टक्के. आर म्हणजे रेडियल, त्रिज्या नव्हे. १७ हा रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा तिरंगी संसार कुणाला सुचला देवजाणे, पण तो जगभर सुखाने चाललाय. शेवटचे ११५ टी लोक वाचतच नाहीत, आणि पिकअपसाठी नेमकं तेच महत्त्वाचं. ११५ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला १,२१५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. हौद्यात कपाट घालून कुणी १९०ने जात नाही, तेव्हा टी-बद्दल फार जीव जाळू नये. ११५ बद्दल जाळावा.

कारण इथून खरी परीक्षा सुरू होते. त्याच साइजमध्ये दोन जाती मिळतात. एक पॅसेंजर जातीचा, कारला लागतो तसा. दुसरा एलटी, म्हणजे लाइट ट्रकचा, ज्याच्यावर एलटी२६५/७० आर १७, १२१/११८ एस असं काहीतरी छापलेलं असतं. १२१ म्हणजे एकटं चाक असेल तर १,४५० किलो, ११८ म्हणजे जोडचाकात प्रत्येकी १,३२० किलो. शेजारी ताकदीची श्रेणी, लोड रेंज ई, आणि कुणीतरी अभिमानाने सांगतो, ‘‘दहा प्लायचा आहे!’’ आत दहा थर नसतात. जुन्या काळी सुती धाग्याचे थर असायचे, तशा दहा थरांइतकी ताकद, एवढाच त्याचा अर्थ. आतले खरे थर बोटांवर मोजण्याइतके.

१,४५० हा आकडा ऐकून छाती फुगते. थांबा. ते १,४५० किलो ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेवर मिळतात. हवाच वजन उचलते. रबर फक्त हवेला धरून ठेवतं. त्याच एलटी टायरमध्ये ५० पीएसआय हवा असेल तर लोड टेबल म्हणतं १,१२० किलो. आता पॅसेंजर जातीचा बघा. तो ३५-३६ पीएसआयवर १,२१५ किलो उचलतो, पण पिकअपवर चढवला की त्याची क्षमता १.१ने भागायचा नियम आहे, म्हणजे उरले सुमारे १,१०५. थोडक्यात, जे काम जुना टायर ३५ हवेत करत होता, त्यासाठी एलटीला ५०च्या घरात हवा लागते. दहा प्लायचा टायर घालून स्टिकरवरची जुनीच ३५ हवा भरणारा माणूस जास्तीचे पैसे मोजून कमी ताकदीचा टायर घेऊन फिरत असतो. वर टायर कडक, त्यामुळे हवा कमी आहे हे डोळ्यांना दिसतही नाही. भर उन्हात, भरल्या हौद्याने, वेगात अशी गाडी चालली की साइडवॉल वाकून वाकून तापते आणि टायर आतून सुटायला लागतो.

उलट टोकाचेही लोक आहेत. साइडवॉलवर ‘कमाल ८०’ असं वाचलं की ते ८० भरतात. ती शेवटची हद्द आहे, रोजचा आहार नाही. रिकाम्या हौद्याला मागे ८० भरली तर गाडीचं बूड प्रत्येक खड्ड्यावर उडतं, रस्त्याला फक्त मधला पट्टा टेकतो, ब्रेक लागायला उशीर होतो आणि मागे बसलेल्यांच्या मणक्यांची मोजदाद होते.

बरं, ६५ पीएसआयच्या वर जायचंच असेल तर साधा रबरी वाल्व चालत नाही. तो तेवढ्यापुरताच असतो. जास्त दाबाचा किंवा धातूचा, नटाने कसलेला वाल्व लागतो. हे दुकानात कुणी आपणहून सांगेल याची वाट पाहू नये. हवेचा दाब दाखवणारे सेन्सर असतील तर आणखी एक गंमत. गाडीचा मेंदू अजून जुन्या स्टिकरवरच चालतो, त्यामुळे ५०ची हवा गळून ३५वर आली तरी डॅशबोर्डवरचा दिवा निवांत झोपलेला असतो. म्हणून एलटीवाल्याने स्वतःचा हवेचा मीटर बाळगावा आणि सकाळी, चाकं गार असताना मोजावं.

मग घ्यायचा कुठला? मालाचं रोजचं ओझं, जड ट्रेलर, किंवा साइडवॉल फाडणारे दगडधोंडे असतील तर एलटी. नसेल तर स्टिकरवर जे आहे ते. लोड इंडेक्स स्टिकरपेक्षा खाली कधीही नाही. आणि ज्या गाडीला कारखान्यातूनच एलटी आलेत, तिला पॅसेंजर जातीचे घालू नयेत, कितीही स्वस्त आणि मऊ असले तरी. तुलनेला एक अडचण अशी की अमेरिकी पद्धतीचे झीज, पकड आणि तापमानाचे जे ग्रेड पॅसेंजर टायरवर छापलेले असतात, ते एलटीला लागूच नाहीत. म्हणजे जिथे जास्त पैसे, तिथे प्रगतिपुस्तकच नाही.

आता नक्षी. एचटी म्हणजे हायवेचा: शांत, हलका, ओल्या डांबरावर शहाणा. एटी म्हणजे दोन्हीकडचा: कच्च्या रस्त्यावर चालतो, पक्क्यावर थोडा गुणगुणतो. एमटी म्हणजे चिखलाचा. त्याचे ठोकळे मोठे आणि खाचा रुंद, म्हणजे चिखल आपोआप झटकला जातो. पण त्याच खाचांत डांबरी रस्त्यावर हवा कोंडते आणि सुटते, आणि त्या आवाजात शेजारच्या सीटवरचं बोलणं ऐकू येत नाही. काहींना हा फायदा वाटतो. डांबराला टेकणारं रबर कमी असल्याने ओल्या रस्त्यावर ब्रेकला तो बहुधा मागे पडतो, इंधन जास्त पितो आणि रोटेशन, म्हणजे चाकांची आपसातली अदलाबदल, चुकवलं तर लवकर खडबडीत झिजतो. नव्वद टक्के डांबरावर धावणाऱ्याने एमटी घेणं हा निव्वळ देखावा आहे. हौसेला मोल नाही हे मान्य, पण आवाज मात्र आहे.

बर्फाच्या मुलखात राहणाऱ्यांनी साइडवॉलवर तीन शिखरांच्या डोंगरातलं हिमकणाचं चिन्ह शोधावं. ते बर्फावरची चाचणी पास झाल्यावरच मिळतं. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) हे नक्षीच्या आकारावरून कंपनीने स्वतःच दिलेलं बिरुद आहे.

‘एक साइज मोठा टाकू या’ हा मोह प्रत्येकाला होतो, म्हणून हिशेब एकदाच मांडतो. २६५/७० आर १७चा व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर. २८५/७० आर १७चा ८३१. फरक २८, पण जमिनीपासून गाडी वर उचलली जाते त्याच्या निम्मी, १४ मिलिमीटर. या १४ मिलिमीटरसाठी काय काय द्यावं लागतं ते ऐका. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३च्या पुढे असते. गिअर साडेतीन टक्क्यांनी उंच होतात, म्हणजे भरलेली गाडी चढाला धापा टाकते. ब्रेकला जड चाक थांबवावं लागतं. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून मागे घेताना टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. घासतो की नाही हे बघायचं तर गाडी सपाटीवर उभी करून उपयोग नाही. स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन, पुढे आणि मागे, एखाद्या उंचवट्यावर एक चाक चढवून बघायचं. ओडोमीटर मात्र अंतर कमी मोजतो. गाडी विकणाऱ्याला हे आवडतं, घेणाऱ्याला कळत नाही.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे. ‘इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, मग नवे पुढेच हवेत’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे आणि चूक आहे. ओल्या रस्त्यावर पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, आपण वेग कमी करतो, सावरतो. मागचं घसरलं तर गाडी गिरकी घेते आणि सावरायला वेळच देत नाही. त्यात रिकाम्या पिकअपचं मागचं बूड आधीच हलकं. कायम चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर मात्र चारही एकदम बदला. दहा मिलिमीटर नक्षीचा नवा आणि चार मिलिमीटरचा जुना, म्हणजे व्यासात बारा मिलिमीटरचा फरक. पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या फेऱ्यांनी फिरतात आणि तो वाद ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत, मिटवला जातो. तिथे मिटलेल्या वादाचं बिल चार टायरपेक्षा मोठं येतं.

पैसे देण्याआधी तारीख वाचा. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. पूर्ण ओळ एकाच बाजूला असते, म्हणून टायर चढवण्यापूर्वीच बघावी. नंतर ती आतल्या बाजूला गेली की टॉर्च घेऊन गाडीखाली लोळावं लागतं. कुणी ‘‘साहेब, कालच आलाय’’ म्हणालं तर तो दुकानात काल आलेला असतो, जगात नव्हे.

बसवताना पिवळा ठिपका असेल तर तो वाल्वजवळ आलेला बरा. टायरची सगळ्यात हलकी जागा ती. वाल्व नवे घ्या. नट बंदुकीने कचकचून नव्हे, शेवटी टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या जोडीने, पुस्तकात दिलेल्या आकड्याला कसायला सांगा. शंभरेक किलोमीटर गाडी चालली की पुन्हा तपासा, कारण रिम बसते आणि नट सैल होऊ शकतात. अलाइनमेंट त्याच दिवशी. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला रोटेशन: मागचे सरळ पुढे, पुढचे तिरके मागे, टायर एकाच दिशेने फिरणारे असतील तर फक्त त्याच बाजूला पुढे-मागे.

एवढं सगळं करून चार टायर नवे होतात आणि पाचवा हौद्याखाली, चिखलाच्या थराआड लटकत राहतो. स्टेपनी किती जुनी आहे हे सहसा कुणालाच माहीत नसतं. काही वाहननिर्माते सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात, टायरवाले बहुधा दहा वर्षं ही शेवटची हद्द धरतात, मग नक्षी कितीही कोरी का असेना. मोठा साइज घेतला असेल तर तो त्या जागेत मावतो का, हेही आताच बघायचं. आणि स्टेपनी एकदा खाली उतरवून पाहायचीच, कारण ती धरणारी केबल गंजून विंचमध्ये, म्हणजे केबल गुंडाळणाऱ्या चक्रीत, अडकलेली असण्याची शक्यता दांडगी. अडकलेलीच निघायची असेल तर दुकानाच्या लिफ्टवर निघू दे. तिथे उजेड असतो, हातोडा असतो, आणि केबलला शिव्या द्यायला चार माणसं आयती मिळतात.