वाण सीमा ओलांडतो, पोतं अडकतं

जून आला की महाराष्ट्रात बोगस बियाण्यांवरून रान पेटतं. परवाने रद्द करा, गुन्हे नोंदवा, कायदा कडक करा. मागणी गैर नाही. पण पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीच्या खोऱ्यातून पाहताना वाटतं, आपला वाद लेबलापाशीच अडखळतो. पोत्यातला दाणा तिथवर कसा पोचला, हे कुणी विचारत नाही.

वाणांपुरतं इथल्या देशांनी आपसांत बरंच जमवलं आहे. आफ्रिकाराइस ही भात संशोधन संस्था 11 देशांनी मिळून उभारली, आज सदस्य 28 आहेत. आयव्हरी कोस्टमधल्या यादवीमुळे मुख्यालय काही वर्षं बेनिनला हलवावं लागलं, तरी काम चालू राहिलं. 2008 मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास या आर्थिक गटाने बियाण्यांचे नियम एक केले: एका देशात नोंदलेला वाण सामायिक सूचीत आला की इतर सदस्य देशांत विकता येतो. जानेवारी 2025 मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर गटातून बाहेर पडले. पण सीएफए फ्रँक वापरणाऱ्या आठ देशांच्या गटाचा तसाच नियम 2009 पासून आहे आणि हे तिघे त्यात अजून आहेत. राजकारण तुटलं, सूचीचा धागा टिकला.

घोडं अडतं ते पुढे, गुणनात, म्हणजे थोड्या मूळ बियाण्याचं टप्प्याटप्प्याने पुष्कळ बियाणं करण्यात. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित, ही साखळी आपल्यासारखीच. पण खोऱ्यात लावणी फारशी नाही. मोड आलेलं भात चिखलात फोकतात, आपल्या कोकणातल्या रहूसारखं. हेक्टरी 120 किलो धरा. एका हेक्टरच्या बीजप्लॉटमधून निवडून-टिपून साडेचार टन बियाणं निघालं, तर ते 37 हेक्टरांना पुरतं. लावणीला 40 किलो लागले असते आणि तेच बियाणं 112 हेक्टरांवर गेलं असतं. त्यात भेसळ काढायची तर फुटवे, फुलोरा आणि कापणीआधी अशा तीन फेऱ्या हव्यात. फोकलेल्या खाचरात ओळीच नसतात, मग आत शिरायचं कुठून? वर कंबाइन आधीच्या शेतातले दाणे पोटात घेऊन येतं. त्यात झडणारा जंगली भात असला की पुढची अनेक वर्षं तण काढत बसा.

सगळ्यात फसवी गोष्ट सुप्तावस्था. 1994 मध्ये इथे प्रसारित झालेल्या साहेल 108 सारख्या लवकर येणाऱ्या वाणांमुळे वर्षात दोन पिकं बसतात. उन्हाळी पीक जून-जुलैत कापलं की लगेच पावसाळी पेरणी. ताजा दाणा जिवंत असतो, पण झोपलेला. शंभरातले चाळीसच उगवले की बियाणं बोगस ठरतं. न उगवलेला दाणा चिमटीत दाबून पाहावा: मेलेला असेल तर पिठूळ, बुरसटलेला, झोपलेला असेल तर टणक. प्रयोगशाळेत आधी 50 अंशांवर पाच दिवस ठेवून मगच उगवण तपासतात.

कोकणात मे महिन्यात कापलेलं उन्हाळी भात जूनमध्ये बियाणं म्हणून पेरलं, तर नेमकं हेच होऊ शकतं. गोणपाटावर शंभर दाणे ठेवून घरच्या घरी उगवण तपासा, हा आपल्या कृषी खात्याचा सल्ला चांगलाच आहे. त्याला या चिमटीची जोड द्यावी. आणि लेबलावर चाचणीची तारीख असते, तशी कापणीचीही छापावी.