सत्त्याऐंशी चुका, त्यातल्या तीन

गेल्या महिन्यात आमच्या रावेतच्या फ्लॅटचा ताबा घेतला. त्याआधी पैसे देऊन होम इन्स्पेक्शन, म्हणजे बाहेरच्या जाणकाराकडून घराची तपासणी, करून घेतलं हे कळल्यापासून नात्यातल्या आणि ऑफिसातल्या मिळून सहा जणांनी विचारलंय, "उपयोग होतो का गं?" प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहिते. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचे बाबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसिअर होते. कुणाचंही नवं घर बघायला गेले की खिशातून ओळंबा काढायचे. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लोक पेढे देतायत आणि हे भिंतीला दोरा लावून उभे! आता बाबा नाहीत, आणि तेच काम करायला मी साडेआठ हजार रुपये मोजले. ते असते तर त्या पैशांवरूनच आधी भांडले असते.

दोन पोरं आली, पंचविशी-तिशीतली. बॅगेत पाणसळ, गुण्या, लेझरचं मोजमाप यंत्र, ओल मोजायचं मीटर, थर्मल कॅमेरा, सॉकेट टेस्टर आणि फरश्या ठोकायची लांब दांडी. तीन तास होती. आदल्या दिवशीच त्यांनी एक काम सांगून ठेवलं होतं: बाथरूमच्या जाळीला बूच मारून दोन इंच पाणी साठवा आणि चोवीस तास हात लावू नका. बिल्डरच्या साइट इंजिनीअरने तोंड वाकडं केलं, पण केलं. दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटची किल्ली मागून घेतली (तोही रिकामाच होता). वर बघितलं तर स्लॅबमधून पाईप उतरतो तिथे भाकरीएवढा ओला डाग. कॅमेरा नाही, मीटर नाही, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. हा डाग ताब्यानंतर दिसला असता तर वर मी आणि खाली जो कुणी राहायला येईल तो, असा संसार जन्मभर चालला असता.

मग ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली धुण्याची जागा. पोराने बादलीभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे निघालं. जाळी पलीकडच्या कोपऱ्यात कोरडी ठाक. साइट इंजिनीअर म्हणाला, "मॅडम, वाळेल ते." मी म्हटलं, "वॉशिंग मशीन रोज चालणार आहे हो."

तिसरी गोष्ट गीझरच्या पॉइंटची. सॉकेट टेस्टर खोचला तर दिवे सांगत होते की अर्थिंग (गळलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी) नाही. इंजिनीअर पटकन डीबीपाशी, म्हणजे विजेच्या पेटीपाशी गेला, आरसीसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्टचं बटण दाबलं, खटकन वीज गेली. "बघा, सगळं ओके." पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, ते बटण अर्थिंग नसतानाही चालतं. त्याने फक्त आरसीसीबी चालू आहे एवढंच कळतं." मला त्या एका वाक्यात साडेआठ हजार वसूल झाल्यासारखं वाटलं. ओल्या हाताने गीझर लावणारी माणसं आपण.

आता माझं खरं म्हणणं. रिपोर्ट आला बासष्ट पानांचा, फोटोंसकट. एकूण ८७ त्रुटी. नवऱ्याने तो लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला, लोकांनी डोळे मोठे करणारे इमोजी पाठवले. पण त्या ८७ मध्ये पन्नासेक तर रंगाचे डाग, खिडकीच्या काचेवर ओरखडा, दाराची कडी घट्ट, स्विचची प्लेट तिरकी. आणि गीझरचं अर्थिंग होतं चौतीस नंबरला, "पॅची पेंट" आणि "टॉवेल रॉड लूज" यांच्या मध्ये! इथेच माझं या धंद्याशी भांडण आहे. यादी जितकी लांब तितका ग्राहक खूश, हे त्यांनी ओळखलंय. इन्स्पेक्टरकडून मला आकडा नको होता, क्रम हवा होता. यातलं जिवावरचं काय, खिशावरचं काय आणि निव्वळ डोळ्यांना खुपणारं काय? मी फोन करून विचारलं तेव्हा त्याच पोराने दोन मिनिटांत तीन गोष्टी सांगितल्या, वरच्याच. म्हणजे त्याला माहीत होतं. रिपोर्टला माहीत नव्हतं. म्हणून नुसता पीडीएफ मागवू नका, तपासणीच्या वेळी बरोबर फिरा.

काय अपेक्षा ठेवू नये तेही सांगते. हे लोक भिंत फोडत नाहीत. कॉलममध्ये सळई किती, काँक्रीट कसं, ते त्यांना दिसत नाही. सात-बारा, टायटल, बोजा हे वकिलाचं काम. थर्मल कॅमेऱ्याबद्दल तर लोकांच्या भलत्याच कल्पना आहेत. तो भिंतीच्या आरपार बघत नाही. तापमानातला फरक दाखवतो, ओली जागा गार असते म्हणून वेगळी दिसते. एप्रिल-मे मध्ये सगळं खडखडीत वाळलेलं असताना तो काय दाखवणार? रीसेलचा फ्लॅट घेत असाल तर शक्यतो भर पावसाळ्यात बघा. आणि विकणाऱ्याने एकाच भिंतीला नुकताच रंग दिला असेल तर खूश होण्याआधी तिलाच का दिला ते विचारा. जुन्या इमारतीत सोसायटीच्या सेक्रेटरीकडे शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी) रिपोर्ट मागा. होम इन्स्पेक्शन आणि स्ट्रक्चरल ऑडिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरीची भरपाई होत नाही.

कार्पेटवरूनही, म्हणजे फ्लॅटच्या आतल्या क्षेत्रफळावरूनही, भांडणं होतात. खोल्या टेपने मोजून बेरीज करतात आणि कमी भरली की बिल्डरच्या नावाने शंख. रेराच्या (घरबांधणी व्यवहारांच्या कायद्याच्या) व्याख्येत आतल्या पार्टिशन भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरलेली आहे, बाल्कनी मात्र धरलेली नाही. महारेराच्या (महाराष्ट्रात तो कायदा राबवणाऱ्या प्राधिकरणाच्या) नमुना करारात ३ टक्के फरकाची मुभा आहे. त्यापलीकडे गेलं तर जरूर भांडा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. तपासणी ताबापत्रावर सही करायच्या आधी. त्या कागदावर बहुतेक वेळा एक ओळ असते, फ्लॅट मी पाहिला आणि माझी काही तक्रार नाही अशा अर्थाची. मी सहीच्या वर पेनने लिहिलं, "सोबत जोडलेल्या त्रुटींच्या यादीस अधीन राहून." ऑफिसातली मुलगी म्हणाली, "मॅडम, असं कुणी लिहीत नाही." मी म्हटलं, "आता कुणीतरी लिहिलंय." आणि वर सगळं ईमेलनेही पाठवलं.

तिथेच मला सांगण्यात आलं की पाच वर्षांची जबाबदारी फक्त स्ट्रक्चरची असते. हे चूक आहे. रेरा कायदा २०१६, कलम १४(३) वाचा. रचनेतल्या दोषाबरोबर कारागिरी, दर्जा आणि सेवांमधले दोषही त्यात आहेत. ताब्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणले तर बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचे. नळ आपणच तोडला तर अर्थात तो आपला.

इन्स्पेक्टर निवडताना मी एकच पथ्य पाळलं. जो वॉटरप्रूफिंगही करतो त्याला बोलावलं नाही. त्याला ओल दिसणारच. एजंटने सुचवलेल्यालाही नाही, त्याला काहीच दिसणार नाही. आपल्याकडे या कामाला वेगळं लायसन्स लागत नाही, चार यंत्रं घेतली की कुणीही इन्स्पेक्टर. तेव्हा आधी केलेला एखादा रिपोर्ट नावं झाकून मागा आणि येणारा माणूस सिव्हिलचा आहे का ते विचारा.

काम पूर्ण व्हायला पाच आठवडे लागले. अर्थिंग दोन दिवसांत झालं, बाथरूम पुन्हा उखडून केलं, पुन्हा चोवीस तास पाणी, पुन्हा खालच्या फ्लॅटची किल्ली. ड्राय बाल्कनीची फरशी काढून नवीन बसवली त्या दिवशी साइट इंजिनीअरने स्वतःच बादली ओतली आणि पाणी जाळीकडे वळेपर्यंत दोघेही उकिडवे बसून बघत होतो.

मोठ्या बेडरूममधल्या चार फरश्या अजून पोकळ वाजतात. पोरगा म्हणाला होता, कोपऱ्यातल्या आहेत, उकरायला गेलात तर शेजारच्या हलतील, राहू द्या. पलंग तिथेच लावलाय.