साखळी कापू नका, पताका जोडा

"आई, अजून किती वेळा झोपलं की बाप्पा येणार?"

श्रावण लागला की आमच्या घरात हा प्रश्न दिवसातून चारदा येतो. पाच-सहा वर्षांच्या पोराला "अजून तीन आठवडे" म्हणून काही कळत नाही. त्याला दिवस डोळ्यांना दिसावे लागतात, हाताला लागावे लागतात.

2024 मध्ये मी इंटरनेटवर सगळीकडे दिसते तीच युक्ती केली. रंगीत कागदाच्या पंधरा कड्यांची साखळी, रोज रात्री एक कडी कापायची. लेक दोन दिवस खूश होती. मग कापलेल्या कड्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवायला लागली. 7 सप्टेंबरला गणपती आले तेव्हा भिंतीवर नुसता खिळा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाप्पा यायच्या वेळी घर भरायचं की रिकामं करायचं?"

मला ते फार लागलं, आणि पटलंही. जर्मनीतून आलेल्या नाताळच्या कॅलेंडरातसुद्धा 1 ते 24 डिसेंबर रोज एक खिडकी उघडते आणि मुलाला काहीतरी मिळतं. आपण मात्र वाट बघणं म्हणजे दिवस संपवणं असं मुलांना शिकवत होतो.

म्हणून 2025 मध्ये उलटं केलं. 27 ऑगस्टची चतुर्थी, बाप्पाला 21 मोदक, 21 दूर्वा, म्हणून पताकाही 21. सहा ऑगस्टपासून रोज एक. घोटीव कागदाचा त्रिकोण कापायचा, वरची कड बोटभर दुमडायची, दुमडीत सुतळी घालायची आणि खळीने चिकटवायचं. खळ घरचीच: दोन चमचे मैदा, कपभर पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायची. पूर्वी कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकत. मुलं हात घालणार असतील तर अजिबात टाकू नका, ते विषारी असतं. तीन-चार दिवसांनी ताजी खळ करायची, झालं. आणि पावसाळी हवेत क्रेप कागद घेऊ नका. ओल्या बोटांना रंग सुटतो आणि भिंतीवर उतरतो.

मधल्या सणांनी पताका आपोआप वेगळ्या झाल्या. राखीच्या दिवशीच्या पताकेवर उरलेला रेशमी दोरा, गोपाळकाल्याला हंडी, पोळ्याला बैल (शिंगं आहेत म्हणून बैल म्हणायचं). एक दिवस तिला ताप होता, कात्री धरवेना. मी म्हटलं, राहू दे, मी करते. तर रडायलाच लागली. शेवटी कागद मी कापला आणि तिने निळ्या रंगात अंगठा बुडवून त्यावर उठवला. एवढंच. हरतालिकेला एकविसावी लागली, आणि त्या सगळ्या ओळीत मला सर्वांत प्रिय ती अंगठ्याचीच आहे.

आयांनो, बाबांनो, एक कळकळीची विनंती. मुलांनी कापलेलं सरळ करायला जाऊ नका. शाळेच्या क्राफ्टचं काय होतं ते आपण बघतोच. रात्री अकरा वाजता आई ग्लू गनने चिकटवतेय आणि मूल झोपलंय. घरच्या मखरासमोर तरी कुणी मार्क देणार नाही. पाहुण्यांना तिरकी पताका दिसली तर दिसू दे. आमच्याकडे एक काका पताकांखाली उभे राहून दहा मिनिटं लेकीकडून प्रत्येकीची गोष्ट ऐकत होते. विकतच्या तोरणाखाली असं कुणी थांबत नाही.

विसर्जनाला ती घसा फोडून ओरडली, "पुढच्या वर्षी लवकर या!" यंदा कॅलेंडरात 14 सप्टेंबर बघून गाल फुगवून बसली. बाप्पाला ऐकू नाही आलं का? मग तिला अधिक ज्येष्ठाचं पान काढून दाखवलं, एक महिना जास्तीचा आला म्हणून सगळे सण पुढे गेले ते समजावलं. तिने बोटांवर बराच वेळ हिशेब केला. अठरा दिवस जास्त.

"मग सहा ऑगस्टलाच सुरू करू. अठरा पताका जास्त लागतील."

म्हणजे यंदा 39. काल दोघी जाऊन घोटीव कागद आणि सुतळीचा नवा गुंडा घेऊन आलोय.