कपॅसिटरचा डबा लावून लाईट बिल कमी होत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'सॉकेटला हा डबा लावा. आतला कपॅसिटर वाया जाणारी वीज साठवून परत देतो, बिल ४० टक्के उतरतं. कारखानेवालेसुद्धा हेच वापरतात.' गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) २०० युनिटांच्या वर गेलं की पूर्ण बिल अंगावर येतं, त्यामुळे २१०-२२० वर अडकलेल्या घराला हे गोड वाटणारच. डब्यात कपॅसिटर असतो, एवढं खरं. बाकीचं एकेक बघू.

'वीज साठवून परत देतो.' किती साठवतो? सेकंड पीयूसीच्या (बारावीच्या) मुलांनी हे गणित वहीत करून बघावं. डबा चांगला ५० मायक्रोफॅरड धारकतेचा धरा. आपल्या २३० व्होल्टचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टचं. विभवांतराच्या (म्हणजे व्होल्टच्या) वर्गाला धारकतेने गुणून निम्मं केलं की ऊर्जा येते २.६ ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल! १० वॅटचा बल्ब या साठ्यावर पाव सेकंद चालेल. आणि तोही साठा लाईनीतूनच घेतलेला.

विक्रेता सांगतो, 'क्लॅम्प मीटरवर अँपिअर उतरलेले डोळ्यांनी दिसतात.' (क्लॅम्प मीटर म्हणजे वायरीला चिमट्यासारखं लावून अँपिअर मोजायचं यंत्र.) दिसतात खरे, आणि भले भले इथेच फसतात. एक एचपीचा पंप ५ अँपिअर घेतो, पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरोखर कामाला लागणारा वाटा, ०.७ आहे असं समजा. २३० गुणिले ५ गुणिले ०.७ म्हणजे ८०५ वॅट. मोटरच्या चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी ऊर्जा लाईन आणि मोटर यांच्यात सारखी ये-जा करत असते. डबा लावला की ही ये-जा डबा आणि मोटर यांच्यातच होते. लाईनीतले अँपिअर साडेतीनवर येतात, पॉवर फॅक्टर १ च्या जवळ जातो. आता गुणाकार करा: पुन्हा ८०५ वॅट. घरचं मीटर वॅट मोजतं, अँपिअर नाही. वाचलीच तर मीटरपासून डब्यापर्यंतच्या वायरीत उष्णतेने जाणारी थोडी वीज वाचते. वायरीचा रोध ०.२ ओहम असेल तर अडीच वॅट.

आता पंप बंद करून डबा तसाच ठेवा आणि तोच क्लॅम्प मीटर लावा. साडेतीन अँपिअर दिसतील, काहीही चालू नसताना! हा खेळ विक्रेता दाखवत नाही.

'कारखानेवाले वापरतात.' वापरतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीला पॉवर फॅक्टर घसरला तर जास्त पैसे मोजावे लागतात, म्हणून तिथे कपॅसिटरचं पॅनेल परवडतं. मळ्यातल्या पंपाला लावलेल्या कपॅसिटरनेही हेस्कॉमच्या (आपल्या वीज कंपनीच्या) लाईनीवरचा आणि ट्रान्सफॉर्मरवरचा भार हलका होतो. घरगुती बिलात पॉवर फॅक्टरचा रकानाच धरत नाहीत.

आणखी एक दावा: 'डब्याचा प्लग काढल्यावर पिनांना हात लावला तर झटका बसतो, म्हणजे वीज साठलीच ना!' झटका विभवांतराचा आहे, साठा मात्र तेवढाच, २.६ ज्यूल. थंडीत स्वेटर काढताना चटका बसतो तेव्हा हजारो व्होल्ट असतात, पण त्यावर कुणी घर चालवत नाही. पोरांना मात्र त्या पिनांपासून लांब ठेवा.

राहिले ४० टक्के. घरातलं सगळं बंद करून फक्त पंखा चालू ठेवा आणि मीटरचा लाल दिवा दर किती सेकंदांनी लुकलुकतो ते मोबाईलवर मोजा. मग डबा लावून पुन्हा मोजा. आधी १५ सेकंद भरले असतील, तर मेसेज खरा ठरायला आता २५ भरायला हवेत.