‘बार ऐकूच येत नाही’ म्हणणाऱ्यांचे कान

नोव्हेंबर जवळ आला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडच्या मराठी ग्रुपांवर हरणांच्या शिकारीच्या सीझनची चर्चा सुरू होते. सध्या फिरतोय तो मेसेज असा: ‘शिकारीत कानाला काही लावू नका, अनुभवी शिकाऱ्यांचे पाच मुद्दे’. भाच्याने हंटर एज्युकेशनचा कोर्स नुकताच संपवलाय. त्याने हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, मग ते कान झाकायचे इयरमफ परत करू का?’ अजिबात नको. का नको, ते इथेच लिहितो, कारण हा मेसेज त्याच्या एकट्याकडे आलेला नाही.

चौथा मुद्दा आधी घेतो, कारण मूर्खपणात त्याचा नंबर पहिला. ‘हरीण समोर आलं की अंगात अशी सणक भरते की बार ऐकूच येत नाही. जे ऐकू आलं नाही त्याने कान कसा बिघडेल?’

बार ऐकू येत नाही, हे खरं असू शकतं. ताणाच्या क्षणी मेंदू आवाजाची दखल घेत नाही. पण मेंदूने दखल घेतली नाही म्हणून हवेचा दाब कानापर्यंत पोचायचा थांबतो का? पडदा हलतो, त्यामागची तीन हाडं हलतात, आतल्या कानाच्या शंखातलं पाणी हिंदकळतं आणि त्यातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशींवर तो तडाखा बसतो. मधल्या कानात एक बारीक स्नायू असतो. मोठा आवाज आला की तो आखडतो आणि धक्का थोडा कमी करतो. पण त्याला आखडायला सेकंदाचा काही शतांश ते दशांश भाग लागतो, आणि बाराचा मुख्य तडाखा दोन-चार मिलिसेकंदांत येऊन गेलेला असतो. म्हणजे स्नायू जागा होईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं. नंतर कानाला दडे बसतात, किर्र आवाज येत राहतो, आणि सकाळपर्यंत बरं वाटलं की गडी म्हणतो, ‘बघ, काही झालं नाही.’ केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मेसेजच्या शेवटी ‘कानाला सवय होते’ असंही आहे. ती सवय नव्हे, तेवढं ऐकू यायचं कमी झालेलं असतं.

कमी होतं तेही नेमकं वरच्या पट्टीत, साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या आसपास. माणसाचं बोलणं ऐकू येतं, पण ‘साठ’ म्हणाला की ‘आठ’ हे कळत नाही. लहान मुलांचं बोलणं निसटायला लागतं. आणि वाळक्या पाचोळ्यावर पडलेल्या खुराची चुरचूर याच पट्टीत असते. ज्या कानोशासाठी कान उघडे ठेवायचे म्हणता, आधी तोच जातो. उजव्या खांद्याने रायफल धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला, म्हणून बहुतेकांचा डावा आधी जातो.

पहिला मुद्दा: ‘सीझनमध्ये एखाद-दुसरीच गोळी सुटते.’ रायफलच्या बाराचा शिखरदाब १६० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेत कामाच्या जागी अशा तडाख्याच्या आवाजाला १४० ची मर्यादा धरतात. २० डेसिबल वाढले की दाब दहापट होतो, म्हणजे हा फरक थोडाथोडका नाही. एका गोळीतही कायमची इजा होऊ शकते. शिवाय सीझनआधी दुर्बीण जुळवायला रेंजवर वीस-पंचवीस काडतुसं उडतात, ती या हिशोबात कुणीच धरत नाही.

आणि ‘अनुभवी शिकारी’ म्हणाल, तर त्यांचीच मोजणी झालेली आहे, तीही विस्कॉन्सिनमध्येच. बीव्हर डॅम या गावात ४८ ते ९२ वयाच्या साडेतीन हजारांहून जास्त लोकांचे कान तपासले गेले. बंदुकांबद्दलचे निष्कर्ष २००० साली छापून आले. शिकार करणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांनी सांगितलं की मागच्या वर्षभरात गोळी झाडताना कानाला एकदाही काही लावलं नाही. निशाणेबाजी करणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण ३८ टक्के. आणि पुरुषांमध्ये शिकारीच्या दर पाच वर्षांमागे वरच्या पट्टीतला ठळक बहिरेपणा असण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली. या मेसेजमधले ‘अनुभवी’ ते हेच.

‘मोकळ्या रानात आवाज पसरतो’: पसरतो, पण नळीच्या तोंडापासून कान हाताच्या अंतरावर आहे. तिथे पोचणारा पहिला तडाखा सरळ येतो, त्याला रानाशी देणंघेणं नाही. ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या लाकडी खोक्यात, बसला असाल तर भिंतींवरून परतलेला आवाज वेगळा.

‘सायलेन्सर लावला की बास’: चांगला सप्रेसर (सायलेन्सरचंच खरं नाव) आवाज २० ते ३० डेसिबल खाली आणतो. म्हणजे मोठी रायफल जेमतेम १४० च्या आसपास येते. आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका तर तसाच राहतो. सप्रेसर लावा, पण कानही झाका. कापसाच्या बोळ्याबद्दल न बोललेलंच बरं.

उरला तिसरा मुद्दा: ‘प्लग घातले तर हरणाची चाहूल लागत नाही.’ हे नाइलाजाने मान्य. साधे फोमचे प्लग घालून मचाणीवर बसलात तर मागून आलेलं हरीण खरंच कळणार नाही. पण म्हणून कान उघडे टाकायचे? इलेक्ट्रॉनिक इयरमफ याचसाठी निघाले. बाहेरचा मायक्रोफोन बारीक आवाज मोठा करून आत देतो आणि साधारण ८५ डेसिबलच्या वर गेला की आत देणं बंद करतो. संरक्षण मात्र कपाच्या बंदिस्तपणाचं असतं, सर्किटचं नाही. गडबड नेमकी तिथेच होते. केशरी लोकरी टोपी कपाखाली आली की फट पडते, चष्म्याची जाड दांडी आली तरी तेच. टोपी इयरमफच्या वरून घाला, दांडी बारीक घ्या. दस्त्याला गाल लावल्यावर उजवा कप लाकडावर आपटून उचलला जात असेल तर पातळ कपांचे घ्या, नाहीतर कानाच्या आत बसणारे इलेक्ट्रॉनिक प्लग. थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, लिथियमचे घाला. वारं असेल तर आवाज कमी ठेवा, नाहीतर दिवसभर नुसता घोंघाट. आवाजाची दिशा थोडी चुकते, तिची सवय घरच्या अंगणात करून घ्या. इयरमफ गळ्यात अडकवून ‘हरीण दिसलं की चढवू’ असा बेत करू नका. त्या हालचालीनेच ते पळतं. पहाटे जागा धरली की चढवायचे ते उतरेपर्यंत.

रेंजवर मात्र फोमचे प्लग आणि वरून इयरमफ, दोन्ही. आवाज किती अडतो याच्या दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही, दुसऱ्याने साधारण पाचेक डेसिबलची भर पडते, पण बाकावर सलग गोळ्या झाडताना तीही हवी. प्लग नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवणं म्हणजे न घालण्यासारखंच. बोटांत वळून बारीक, सुरकुती नसलेली सुरळी करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने दाबून धरा. समोरून बघणाऱ्याला प्लगचं टोक बाहेर आलेलं दिसत असेल तर काढून पुन्हा घाला.

आणि रायफलला मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, गोळीमागचा वायू बाजूला वळवणारा तुकडा) असेल, तर धक्का कमी होतो पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. शेजारी बसलेल्या पोराला झाडणाऱ्याइतकाच, कधी जास्तही तडाखा बसतो. चाप ओढण्याआधी त्याच्या कानांवर काय आहे ते बघा.